पॉलिशचं मशीन आणि मागच्या दारावरचा ओरखडा



मागच्या वेळी कैरीच्या लोणच्यावर लिहिलं होतं, आणि आज एकदम गाडीच्या पॉलिशवर लिहिते आहे. तुम्ही म्हणाल, हिला झालंय काय! पण शेवटपर्यंत वाचा. घरातलंच आहे सगळं.

आमच्या दारात 2012 ची गडद निळी गाडी आहे. अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. अण्णा जाऊन दोन वर्षं झाली. गाडी फारशी बाहेर निघत नाही, म्हणून यंदा ती विकायचं ठरलं. बघायला आलेला माणूस म्हणाला, "इंजिन चांगलं आहे, पण उन्हानं रंग मेलाय." हे वाक्य सासूबाईंना लागलं. अण्णा रोज सकाळी देवदर्शन करून आले की जुन्या धोतराच्या फडक्यानं गाडी पुसायचे. त्या गाडीचा रंग मेला म्हणायचं?

मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. त्यानं मित्रांबरोबर वर्गणी काढून पॉलिशचं मशीन घेतलं होतं, ते सुट्टीत घरी टाकून गेला होता. फोनवर म्हणाला, "आई, तू मिक्सर दुरुस्त करतेस, हे का नाही जमणार?" मी हो म्हणाले. त्या वेळी वाटलं, फरशी पुसण्यासारखंच असेल.

तसं नाही हो. आधी समजून घ्यावं लागतं.

गाडीच्या पत्र्यावर प्रायमर असतो, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. हा थर आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ असतो. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात ना, त्या याच थरावर असतात. आणि त्या पडतात कशानं? धुळीवर कोरडं फडकं फिरवल्यानं. म्हणजे अण्णांच्या रोजच्या मायेनंच त्या रेघा पडल्या होत्या. हे मी सासूबाईंना सांगितलं नाही.

पॉलिश म्हणजे वरून काही लावणं, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. तसं नाही. पॉलिशमध्ये अगदी बारीक खर असते, ती तो पारदर्शक थर किंचित झिजवते आणि सपाट करते. सपाट झाला की उजेड सरळ परततो, म्हणून चमक दिसते. म्हणजे मळ काढायचा, वर काही थापायचं नाही. हे ऐकून मला आपल्या निर्जरेची आठवण झाली. पण एक फरक आहे. हा थर परत येत नाही. जास्त घासलं की संपला.

सामान जमवताना आपल्या दृष्टीनं तीन गोष्टी बघाव्या लागल्या, त्या तुमच्यासाठी लिहून ठेवते. पहिली, गाडी पुसायचं मऊ पिवळसर 'शामॉय' मिळतं. ते खरं असेल तर कातडं असतं, म्हणून ते घेतलं नाही. मायक्रोफायबर हे कृत्रिम धाग्याचं असतं, ते चालतं. दुसरी, मशीनला लावायचे काही पॅड मेंढीच्या लोकरीचे असतात. फोमचे पॅड मिळतात आणि पहिल्यांदा करणाऱ्याला तेच सोपे. तिसरी, शेवटी लावायच्या मेणात बऱ्याचदा मधमाशांचं मेण असतं. आपण मध खात नाही, मग हे तरी कशाला? डब्यावर नीट वाचून मी कृत्रिम सीलंट घेतलं.

दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणी झाली. त्या दिवशी मीही तुमच्यासारखाच फोनवर 'उत्तम क्षमा' असा निरोप शे-दीडशे जणांना एका बोटानं पाठवला होता. त्यानंतरच्या शनिवारी सकाळी कामाला लागले. रात्री दिवा लावून करायचं नाही, किडे येतात. आणि भर उन्हातही नाही, पत्रा तापला की पॉलिश लगेच वाळतं. आमच्या पोर्चमध्ये सकाळी अकरापर्यंत सावली असते.

गाडी बरेच दिवस उभी होती, म्हणून आधी चाकांपाशी आणि बॉनेटखाली मुंग्या नाहीत ना ते बघितलं. मग पाइप न लावता दोन बादल्या घेतल्या, एक साबणाची, एक हातमोजा खळबळायची. गाडी धुऊन पुसल्यावर मातीसारखी मऊ वडी येते, क्ले म्हणतात तिला, ती ओलसर करून पत्र्यावर फिरवली. धुऊनही पत्रा हाताला खरखरीत लागत होता, तो रव्याचा मैदा व्हावा तसा गुळगुळीत झाला. मग काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, रबर, नंबरप्लेट आणि पत्र्याच्या कडा यांवर कागदी चिकटपट्टी लावली. कडेला थर सगळ्यात पातळ असतो, तिथंच रंग जळतो.

माझीही तयारी होतीच. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढलं. मंगळसूत्र ड्रेसच्या आत घातलं. ओढणी नाही, केस घट्ट बांधलेले. मशीनची वायर खांद्यावरून पाठीमागे टाकली, म्हणजे ती गाडीला घासत नाही. सासूबाई पोर्चमध्ये खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "लढाईला निघालीयास की काय!"

मशीनचे दोन प्रकार असतात. एक नुसतं गरगर फिरतं. ते एका जागी राहिलं की उष्णता साठते आणि रंग जळतो, ते जाणकाराच्या हातात द्यावं. दुसरं फिरतं आणि डोलतंही, डीए म्हणतात त्याला. माझं ते होतं. तरी पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा हातात जिवंत काहीतरी आल्यासारखं वाटलं. आणि पहिली चूक लगेच केली. पॅड पत्र्याला टेकवायच्या आधीच बटण दाबलं! पॉलिशचे थेंब माझ्या चष्म्यावर, भिंतीवर आणि सासूबाईंच्या ताटात. तांदूळ परत धुवावे लागले. तर लक्षात ठेवा, आधी टेकवायचं मग सुरू करायचं, आणि आधी बंद करायचं मग उचलायचं.

दुसरी चूक म्हणजे जोर. भांडी घासायची सवय आपल्याला! मी दाबून धरलं तर पॅड फिरेचना. नुसतं मशीनचं वजन आणि हाताचा आधार, एवढंच पुरतं. हात दोन-दोन फुटांच्या चौकोनात सावकाश फिरवायचा, आधी आडवा, मग उभा, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अर्धी चढवून. तसे चार-पाच फेरे झाले की पुसायचं आणि बघायचं. आधी बॉनेटच्या एका कोपऱ्यात करून पाहिलं. पुसलं आणि थांबलेच. निळा रंग खोल दिसत होता, आडाच्या पाण्यासारखा. सासूबाई उठून आल्या. काही बोलल्या नाहीत, पदरानं डोळे टिपले.

बॉनेट झालं, उजवी बाजू झाली. मग डावीकडचं मागचं दार आलं.

त्या दारावर खालच्या अंगाला एक वीतभर जागा थोडी वेगळी दिसायची. अण्णांनी गॅरेजमध्ये नेऊन तिथं रंगाचा हात मारून घेतला होता. मी बेतानंच मशीन फिरवलं. पण तो वरून भरलेला रंग कच्चाच असतो. चौथ्या फेऱ्याला तो सुटला, पॅडवर निळा डाग आला. पुसलं तर खालचा ओरखडा जसाच्या तसा. पांढरा, लांब, सरळ.

सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "हा त्या गाडी धुणाऱ्या पोराचाच ना? बादलीची कडी लावली होती बघ त्यानं."

मैत्रिणींनो, तो ओरखडा माझा आहे.

2014 ची गोष्ट. मी गाडी शिकत होते. दुपारी सगळे झोपलेले असताना एकटीनंच गाडी मागे घेऊन बघितली, आणि फाटकाची कडी दाराला घासली. भीतीनं मी गाडी होती तशी लावली आणि आत गेले. दोन दिवसांनी अण्णांना दिसलं. तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा सकाळी गल्लीतल्या गाड्या धुवायला यायचा. अण्णांना वाटलं, त्याच्या बादलीनंच लागलं. त्याला बोलले, आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले. तो "मी नाही केलं, अण्णा" म्हणत होता. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. सगळं ऐकू येत होतं. मी मळतच राहिले.

दहा वर्षांहून जास्त झाली. दरवर्षी दशलक्षणात आलोचना म्हटली. झालेले दोष आठवायचे, कबूल करायचे. सगळे आठवायचे, हा एक सोडून. अण्णा शेवटच्या आजारपणात असताना एकदा तोंडाशी आलं होतं. म्हटलं, आता कशाला त्यांना त्रास. खरं तर त्रास मला होणार होता.

मशीन बंद केलं, खाली ठेवलं आणि सासूबाईंना सांगितलं. त्या किती वेळ त्या दाराकडेच बघत होत्या. मला वाटलं, रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "अण्णा आता नाहीत. पण ते पोरगं हाय की."

माझा हात परत मशीनकडे गेला होता. वाटत होतं, अजून दोन फेरे मारावेत, थोडा तरी निघेल. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, नख आडवं फिरवून बघ. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे, पॉलिशनं जाणार नाही. घासत बसलीस तर आजूबाजूचा थरही जाईल." मी नख फिरवलं. अडकलं.

त्या दारावरचं काम तिथंच सोडलं.

त्याचा पत्ता सासूबाईंनीच काढला. आता त्याचं स्टँडच्या मागच्या रस्त्याला स्वतःचं गाड्या धुवायचं छोटं सेंटर आहे. रविवारी मी तीच गाडी घेऊन गेले. सासूबाई बरोबर आल्या, मी नको म्हणत असताना. त्यानं आम्हाला लगेच ओळखलं. सासूबाईंच्या पाया पडला, अण्णांची चौकशी केली. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर बोलता आलं नसतं.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वहिनी, तेव्हा माझ्याकडं गल्लीतली पाच घरं होती. अण्णांनी काढलं म्हटल्यावर बाकीच्यांनीही काढलं. त्या वर्षी बारावीची फी भरली नाही मी."

मी नुसत्या एका घराचा विचार करत आले होते. एका महिन्याच्या पगाराचा. इतकी वर्षं मनात हिशेब तेवढाच होता.

हात जोडले. क्षमा मागितली. पर्समध्ये पैसे नेले होते, ते काढायची हिंमत झाली नाही. तो "माफ केलं" म्हणाला नाही, आणि मी ते त्याच्या तोंडून वदवून घेतलं नाही. तो उठला, गाडीपाशी गेला आणि त्यानंही ओरखड्यावर नख फिरवलं. म्हणाला, "हा निघायचा नाही. घासू नका." मग बॉनेटकडे बघून म्हणाला, "बाकी काम चांगलं केलंय. पहिल्यांदाच?" मी मान हलवली. निघताना तो सासूबाईंना म्हणाला, "सांगितलंत ते बरं झालं. माझ्या आईला सांगतो. तिला तेव्हा फार लागलं होतं."

गाडी अजून विकलेली नाही. विकताना ओरखडा दाखवून, तो कसा पडला ते सांगून विकायची, असं ह्यांनी ठरवलंय. घरात सगळ्यांना मी सांगितलं. ज्या चार घरांनी त्याला काढलं, त्यातली दोन अजून गल्लीत आहेत. त्यांच्याकडे जाऊन सांगायचं राहिलंय. या आठवड्यात जाणार आहे. इथं लिहिलं, म्हणजे आता टाळता येणार नाही.

तुमच्यापैकी कुणाला गाडी स्वतः पॉलिश करायची असेल तर जरूर करा. अवघड नाही. सावलीत करा, कडा झाका, जोर देऊ नका, पॅड मधून मधून साफ करा. बारीक रेघा सगळ्या जातात, गाडी नव्यासारखी दिसते. फक्त आधी नख फिरवून बघा. जिथं अडकेल तिथं मशीन लावू नका. त्यासाठी कुणाच्या तरी दारात जावं लागतं.

जय जिनेंद्र.