डोंगर आडनावात, आडनाव कागदात

भंडारा जिल्ह्याचं नाव निघालं की लोक तलाव, धान आणि पितळेची भांडी एवढ्यावर थांबतात. डोंगराचा विषय कुणी काढत नाही. सह्याद्रीत वाढलेल्या पाहुण्याला आमच्या पहाड्या दाखवल्या, तर तो सभ्यपणे गप्प बसतो, पण ‘ह्याला डोंगर म्हणता?’ हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतंच. मात्र धानाच्या सपाट बांध्यांमधून, धुऱ्याधुऱ्याने चालणाऱ्या माणसाला बुटकी पहाडीसुद्धा दोन गावं आधीपासून दिसते. जे लांबून दिसतं त्याच्या आधाराने वाट सांगायची, ही आमच्याकडची रीत होती. कुठले, यावरून कोण, हेही पुष्कळदा तिथेच ठरायचं.

सत्तरच्या दशकातला भंडारा आठवा. जिल्हा अखंड होता. गोंदिया, सालेकसा, नवेगावबांध, सगळं भंडाऱ्यातच. गोंदिया वेगळा झाला तो 1 मे 1999 ला. उत्तरेला तुमसरकडे आंबागडची रांग, मध्ये गायखुरीचे डोंगर, दक्षिणेला नवेगावचे. बसथांब्यावर, आठवडी बाजारात, लग्नाच्या पंगतीत दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न असायचा, “कोणत्या गावचे जी तुम्ही?” गावाचं नाव सांगून समोरच्याला उमगलं नाही, तर दुसरं उत्तर तयार असे, “आंबागड पहाडीच्या अल्याड.” एवढं पुरायचं. समोरचा लगेच त्या अंगाची आपली दोन-तीन सोयरी मोजायला लागायचा.

आंबागड म्हणजे नुसती पहाडी नव्हे, तिच्या माथ्यावर किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा सुभेदार राजाखान पठाण याने 1700 च्या सुमारास तो बांधला. पुढे भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना तिथल्या विहिरीचं विषारी पाणी पाजत, ही गोष्ट सांगून आम्हाला लहानपणी झोपवलं जाई. (झोप कशी लागावी, हे सांगणाऱ्याला कधी सुचलं नाही.) त्याच डोंगररांगेच्या कुशीत गायमुख. पचमढीच्या महादेवाला ज्याला जाता येत नाही, त्याच्यासाठी हा छोटा महादेव. महाशिवरात्रीला गायमुखची वाट विचारावी लागत नसे. पहाडी समोर ठेवायची आणि चालत राहायचं. आता मोबाइलवरची बाई डावी-उजवीकडे सांगते, पहाडी कोणत्या बाजूला राहिली ते पाहायची गरज उरली नाही. सोय झाली, हे कबूल. पण एकदा रस्ता चुकला की पूर्वी माणूस मान वर करून बघायचा, आता मान खाली घालून बघतो.

शाळेच्या हजेरीत हे सगळे डोंगर रोज सकाळी रांगेने उभे राहायचे. मास्तर पुकारायचे, आंबागडे, खैरागडे, डोंगरे, डोंगरवार, टेकाडे, रामटेके, वैरागडे. आम्ही ‘हजर जी’ म्हणायचो. आपण किल्ले, गड आणि टेकड्या हजर असल्याचं सांगतो आहोत, हे त्या वयात कुणाच्या डोक्यात येणार! वैरागड आता गडचिरोली जिल्ह्यात, खैरागड छत्तीसगडात. गावं सोडून आलेल्या माणसांना नव्या गावाने जुन्या ठिकाणाचं नाव लावलं आणि ते चिकटलं. लांजीहून आलेले लांजेवार, चांद्याकडचे चांदेवार, तसंच हे.

डोंगरे आडनावाची मात्र वेगळीच गंमत. ते महाराष्ट्रभर आहे, आणि इतक्या जातींत आहे की नुसत्या आडनावावरून काही कळत नाही. खेड्यातल्या चौकस माणसाची मग पंचाईत व्हायची. “डोंगरे म्हणजे कोणते डोंगरे?” असं तो दोन-तीनदा फिरवून विचारायचा. घराघरात पोरांना पाजलं जाणारं डोंगरे बालामृत कोणत्या डोंगऱ्यांचं, हे मात्र कुणी विचारलं नाही. टेकाड्यांचं नाव नागपूरच्या कवी आनंदराव टेकाड्यांनी मराठी मुलखात पोचवलं. आमच्या वर्गातल्या टेकाडेला त्याचा फायदा एकच झाला, कविता पाठ नसली की मास्तर त्याला दुप्पट रागवायचे.

रामटेके आडनावाची घरं तर भंडाऱ्यात गावोगाव. रामटेक नागपूर जिल्ह्यात. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या ताम्रपटात रामगिरीच्या स्वामींचा उल्लेख आहे, म्हणजे त्या टेकडीला पाचव्या शतकातही मोठा मान होता. माथ्यावरची राममंदिरं यादवकाळातली. कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेला आमच्या भागातूनही गाड्या जुंपून लोक जायचे. माझ्या ओळखीच्या रामटेक्यांपैकी एकाच्याही आजोबांचं घर रामटेकला नव्हतं. “आमच्या आज्याचा आजा तिकडून आला म्हणतात,” एवढंच त्यांना माहीत. तरी जत्रेला जाताना पहिल्यांदा टेकडी दिसली की गाडीतला म्हातारा पोराला हटकून दाखवायचा, “थे पाय, आपली टेकडी.” सातबारावर नसलेली ही मालकी होती, आणि तिच्यावर कुणी हरकतही घेत नव्हतं.

डोंगरवारांची गोष्ट मला सगळ्यात आवडते. कोहळी समाजातलं हे आडनाव. कोहळी म्हणजे झाडीपट्टीचे तलाव बांधणारे लोक. कुठे उतार आहे, पाणी कुठून येतं, पाळ कुठे घातली म्हणजे थोडक्यात काम होईल, हे त्यांना डोळ्यांनी कळायचं. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी याने घातल्याचं सांगतात. सभोवार डोंगर, त्यांतल्या सात शिखरांना लोक सात बहिणी म्हणतात. डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीच्या पाळीने बुजवल्या आणि तलाव झाला. कोलू पाटील पुढे देव झाला, कोलासूर म्हणून पुजला गेला. मारुती चितमपल्लींच्या लेखनातून ज्यांना सगळा महाराष्ट्र ओळखू लागला, ते नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवारच. आडनावात डोंगर आणि हाताला पाणी, असा मेळ क्वचितच जमतो. 1975 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. पूर्वी सात बहिणींच्या खालून सरपणाच्या मोळ्या घेऊन बायका यायच्या, आता जिप्सीतून पर्यटक जातात. जंगल राखलं गेलं हे चांगलंच झालं. फक्त सातही बहिणींची वेगवेगळी नावं सांगणारं माणूस मला अलीकडे भेटलेलं नाही.

पण डोंगरातून कुळं निघाली, हे अगदी शब्दशः मानणारा समाज आमच्याकडे एकच, गोंडांचा. सालेकसा तालुक्यात धनेगावच्या वर कचारगडची गुहा आहे. दरेकसा स्टेशनवर उतरून जंगलातून चालत जायचं. गुहा इतकी मोठी की आत शिरल्यावर बोलणारा आपसूक आवाज खाली आणतो. कथा अशी की, कली कंकालीची तेहेतीस मुलं शंभूच्या कोपामुळे या गुहेत कोंडली गेली. तोंडाशी भली मोठी शिळा. हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाने किंगरी वाजवली, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं, शिळा सरकली, मुलं सुटली. शिळेखाली सापडून हिरासुका मात्र गेला. ती मुलं पारी कुपार लिंगोची शिष्य झाली, लिंगोने त्यांची कुळं लावून दिली. कुणी चार देवांचे, कुणी पाच, सहा, सात. मडावी, उईके, कुमरे, सलामे, नेताम ही सगळी आडनावं त्या हिशेबात बसतात.

हा हिशेब पुराणातला नव्हे, रोजच्या व्यवहारातला. सोयरीक जुळवायला आलेला पाहुणा ओसरीवर बसला, पाणी प्यायला, तंबाखू मळली की विचारायचा, “किती देवाचे जी?” देवसंख्या सारखी निघाली, तर ती दोन्ही घरं भाऊबंद, पोरगी मागायची नाही. पाहुणा उठून पुढच्या गावी. हुंडा, नोकरी, शिक्षण या गोष्टी त्यानंतरच्या. आमच्या शेजारच्या घरी हा प्रश्न मी लहानपणी कितीदा तरी ऐकला आहे, आणि उत्तर ऐकून पाहुण्याने अर्धा चहा तसाच ठेवून चप्पल घातलेलीही पाहिली आहे.

इथे मला आमच्या पिढीच्या नेहमीच्या रडगाण्यापासून बाजूला व्हावं लागतं. सगळं पूर्वीच चांगलं होतं, असं कचारगडच्या बाबतीत म्हणता येत नाही. सत्तर साली या गुहेचं नाव आजूबाजूच्या गावांबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. ऐंशीच्या दशकात रामटेक तालुक्यातल्या दुलारा गावचे मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे यात्रा सुरू केली. कंगाली रिझर्व्ह बँकेत नोकरी करायचे आणि उरलेला वेळ गोंडी भाषेला द्यायचे. 2015 मध्ये ते गेले. आज माघ पौर्णिमेला मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशातून लाखोंनी लोक येतात, पिवळे झेंडे घेऊन डोंगर चढतात. शहरात वाढलेली, गोंडी न येणारी पोरंही आपले देव किती ते विचारून घेतात. डोंगर तोच, पण तिथून निघालेली माणसं त्याच्याकडे परत फिरली आहेत.

डोंगरी बुजुर्गचं उलट झालं. तुमसर रोडहून तिरोडीला जाणाऱ्या रेल्वेवर गोबरवाहीच्या पुढे हे गाव. नावातच डोंगर, आणि त्या डोंगरात मँगनीज. मध्य प्रांतात मँगनीजसाठी 1896 मध्ये प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट निघालं, पुढे त्याचीच इंग्रज कंपनी झाली. 1962 मध्ये मॉइल (मँगनीज ओर इंडिया लिमिटेड) आली, 1977 मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली. शेजारच्या चिखल्याला भूमिगत खाण, डोंगरी बुजुर्गला उघडी. उघडी खाण म्हणजे वरून पायऱ्या पाडत खाली जायचं. ज्या जागेकडे मान वर करून बघायचे, तिथे आता काठावर उभं राहून खाली बघतात. या भागातल्या खाणींवर दगड निवडायला बायका असत. कामावरून परतणाऱ्या बायकांचे तळवे काळेभोर, रेघा तेवढ्या पांढऱ्या. इथल्या खनिजातलं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीसाठी लागतं. म्हणजे रात्री ओलीत करायला निघालेल्या शेतकऱ्याच्या टॉर्चच्या सेलमध्ये त्याच जिल्ह्यातला एक डोंगर थोडा थोडा जळत होता. खाणीने हजारो घरं जगवली, त्याबद्दल तक्रार नाही. गावाची पाटी मात्र अजून डोंगरीचीच आहे.

पवनीत आणखी तिसराच प्रकार. तिथली जगन्नाथ टेकडी पिढ्यान्‌पिढ्या टेकडी म्हणूनच ओळखली जात होती, वर जगन्नाथाचं देऊळ. 1969-70 च्या उत्खननात आतून भला मोठा बौद्ध स्तूप निघाला. सुलेमान टेकडीखालीही तेच. त्याच पवनीजवळ गोसेखुर्द धरण झालं. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींनी भूमिपूजन केलं, आणि वैनगंगेच्या पाण्याने पुढे कितीतरी गावं उठवली. नव्या गावठाणात रस्ते सरळ, घरं ओळीने, नळाला पाणी. ‘पहाडीकडचं घर’ कोणतं, हे मात्र तिथे सांगता येत नाही, म्हणून घरांना नंबर आले.

आता आडनावाचं काम कागदावर. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जाती-जमातींना 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, ओबीसींना 1967 पूर्वीचा. मग नातू तहसील कार्यालयात आज्याच्या बापाची नोंद शोधत बसतो. इंग्रजी अमदानीत आमच्याकडे गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहायचा. त्या कोतवाल पंजीत, मोडक्या अक्षरात, आडनाव सापडलं तर सापडलं. एका काना-मात्रेचा फरक निघाला की प्रतिज्ञापत्र, पुन्हा चकरा. आदिवासींना त्यावर देव, रूढी, सणवार विचारून पारखलं जातं. ही चाचणी शेवटचा शब्द मानता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये सांगितलं. ओसरीवर पाहुणा जो प्रश्न आपलेपणाने विचारायचा, तोच टेबलापलीकडून संशयाने विचारला जातो, हा आमच्या आणि नातवंडांच्या काळातला खरा फरक.

तेव्हा भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांना एवढंच सांगणं आहे. पोराच्या वैधतेसाठी कोतवाल पंजीची नक्कल काढायला जाणारच आहात, तर त्याच फेरीत गावाचं जुनं निस्तार पत्रकही मागून बघा. चराई कुठे, सरपण कुठून, मसणवट कोणती, हे त्यात लिहिलेलं असतं. गावच्या पहाडीचं नाव त्यात सापडलं तर उत्तम. नसेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून वहीत लिहून घ्या, आणि हे काम येत्या दिवाळीच्या मंडईला गावी जाल तेव्हाच उरकून टाका.