फेसाची उंची

वरणाच्या डाळीवरचा फेस काढायचा की राहू द्यायचा, यावर आमच्याकडं दोन पक्ष होते. आळंदची आज्जी काढणाऱ्यांतली. भगुण्यात डाळ चढली की ती चुलीपासून हलायची नाही. पाण्याला उकळी फुटायच्या बेतात कडेकडेनं पांढरा फेस गोळा व्हायचा, मग मधोमध सरकायचा. तो पळीनं अलगद उचलून ती वाटीत टाकायची. फेस निघेपर्यंत हळद नाही, तेल नाही. भालकीकडची आत्या दुसऱ्या पक्षाची. ती डाळीबरोबरच तेलाचा थेंब सोडायची, म्हणजे फेस वर येतच नसे आणि ती खुशाल भाकरी थापत बसे. दोघींचं वरण चांगलंच व्हायचं. पुढं घरोघर कुकर आले आणि हा वाद शिट्टीतून उडून झाकणावर वाळला.

तुरीच्या मुलखात वाढलेल्यांना हा फेस नवा नाही. गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या अडतीत तिचा भाव हाच हवापाण्याचा विषय. डाळीत वजनाचा पाचवा हिस्सा तरी प्रथिनं असतात, शिवाय रिठ्यात असतात त्या जातीची सॅपोनिनं. आज्जी पळीनं काढायची ती हीच. माशांच्या टाकीतला फेस काढणाऱ्या प्रोटीन स्किमर या यंत्राची जाहिरात मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसू आलं ते त्यामुळं.

पण फेसाकडं नीट बघायला शिकलो ते आत्याच्या गावच्या गुऱ्हाळावर. मांजरेच्या काठचा ऊस, थंडीचे दिवस. काहिलीतला रस तापत आला की रानभेंडीची झाडं ठेचून, पाण्यात चोळून काढलेलं बुळबुळीत पाणी त्यात ओतत. रसात तरंगणारा बारीक गाळ त्या चिकट्याला धरून वर यायचा, आणि बघता बघता काहिलीवर काळपट-हिरवी जाड साय धरायची. ती मळी. गुळव्या तोवर नुसता उभा. चुलवणात चिपाडं सारणाऱ्याला हातानं ‘दम धर’ म्हणायचा. सायीला भेगा पडू लागल्या, खालून रस डोळे वटारू लागला की झारा आत. उकळी आधी फुटली तर मळी मोडून रसात परत मिसळते, आणि एकदा मिसळली की ती काढणं अवघड. फार लवकर झारा घातला तर नुसता रसच वाया. मी ‘आता काढा की’ म्हणून भुणभुण लावली तेव्हा तो म्हणाला, ‘बाबू, घाई केली तर रस जातो, उशीर केला तर गूळ काळा होतो. तू काकवीपुरतं बघ.’ पुढं पाक आटून फुगायला लागला की तोच माणूस थोडंसं तेल शिंपडायचा आणि काहीलभर चढलेला फेस क्षणात खाली बसायचा. आत्याचीच युक्ती, फक्त मोठ्या भांड्यात.

मुंबईला गेलो की तारापोरवाला मत्स्यालय बघायचंच, असा तेव्हा रिवाज होता. १९५१ साली राजेंद्रप्रसादांनी उघडलेलं ते काचेआडचं जग बघून बाहेर आलो तर समोर खराखुरा समुद्र, आणि किनाऱ्याला लाटांनी आणून टाकलेला पिवळट फेस. मासे मनात राहिले. त्या फेसाचं काही वाटलं नाही.

ते मासे पुढं घरी आणले, पण कलबुर्गीत, म्हणजे गुलबर्ग्यात, खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणं हा तसा हट्टच. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार, बोअरचं पाणी जड, वीज तिच्या मर्जीनं. आरओचं पाणी घ्यायचं, त्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास विकतचं समुद्री मीठ विरघळवायचं आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळ आलं की समुद्र झाला म्हणायचं. प्रवाळांच्या नादी लागलो नाही. त्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. टाकीत पैदास झालेली क्लाउनफिशची जोडी, एवढाच संसार. ती टाकी उभी आहे शहाबादी फरशीवर. शहाबाद इथून जवळच. भीमेच्या खोऱ्यातला तो चुनखडक कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. म्हणजे इथं समुद्र नवा आणला असं मी म्हणू नये.

स्किमर हे टाकीखालच्या हौदात उभं राहणारं ॲक्रिलिकचं नळकांडं. काटेरी चक्राचा पंप हवा आणि पाणी एकत्र घुसळून बुडबुड्यांचा दुधाळ ढग करतो. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य यांतून पाण्यात उतरलेल्या प्रथिनांचं एक टोक पाण्याला धार्जिणं, दुसरं पाण्याशी फटकून वागणारं. त्यामुळं ती बुडबुड्याच्या कातडीला चिकटून बसतात आणि त्याच्यासोबत वर चढतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहजी मिसळत नाहीत, बारीकच राहतात, म्हणून हे जमतं. गोड्या पाण्याच्या टाकीत हेच यंत्र बहुतेक नुसतं खळखळत बसतं. वर निमुळती मान, मानेच्या वर पेला. फेस मान चढून पेल्यात सांडला की घाण पाण्याबाहेर.

सगळी कला आहे ती आतल्या पाण्याची पातळी ठरवण्यात. बाहेर जाणाऱ्या नळीचा व्हॉल्व्ह आवळला की आत पाणी चढतं, फेस ओला होतो, पेला भराभर भरतो. पण फिकट चहासारखं, बरंचसं चांगलं पाणीच त्यात जातं. व्हॉल्व्ह सैल केला की पातळी उतरते, फेस मानेत रेंगाळतो, वाळतो, आणि पेल्यात काळपट, घट्ट, कुबट असं थोडंसंच येतं. नवं यंत्र पहिले काही दिवस कुणाचंच ऐकत नाही. आतल्या भिंतींवर सूक्ष्म थर बसेपर्यंत कधी फेसच नाही, कधी पेला ओसंडतो. लोक तेव्हा दर तासाला व्हॉल्व्ह पिळतात. ती मला यंत्राची नाही, माणसाची खोड वाटते. एक केसभर फिरवावं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत तिकडं फिरकू नये. हौदातल्या पाण्याची उंची मात्र हलू द्यायची नाही. इथल्या उन्हाळ्यात वाफ होऊन पाणी उतरतं आणि बसवलेलं सगळं गणित बिघडतं. रोज गोडं पाणी घालून ती रेघ राखावी लागते.

आणि तेल. जेवून तेलकट हात टाकीत घातला, नाहीतर गोठवलेली कोळंबी खायला टाकली, की मानेतला फेस धाडकन बसतो आणि काही तास उठत नाही. तेलाचा थेंब बुडबुड्याच्या पापुद्र्यावर पसरतो, पापुद्रा पातळ होतो, फुटतो. भगुण्यात, काहिलीत आणि इथं, कारण एकच. यंत्र बिघडलं समजून व्हॉल्व्ह फिरवायला जाऊ नये. तेल ओसरलं की फेस आपल्या जागेवर येतो. वीज जाऊन आली की उलटं होतं: पहिल्या फटक्यात फेस पेल्याबाहेर. त्यासाठी पेल्याच्या बुडाला नळी लावून ती बाटलीत सोडून ठेवलीय.

मी थोडा ओला फेस पसंत करतो. पेल्यात कोरडी काळी घाण दिसली की समाधान होतं खरं, पण तोवर बरंच काही पाण्यात परत गेलेलं असतं. ओल्यात थोडं मीठपाणी वाया जातं, ते मी पुन्हा घालतो. गुळव्याला हे पटलं नसतं; त्याला रसाचा प्रत्येक तांब्या पैशाचा होता, आणि मळीसुद्धा तो जनावरांपुढं ठेवायचा. माझ्या पेल्यातलं पाणी खारं, तुळशीलाही चालत नाही. चार दिवसांनी मानेला आतून मेणचट थर धरतो, तो असला की फेस चढायला आळस करतो. जुना टूथब्रश घेऊन घासावा लागतो. वासामुळं घरात नियम झालाय: पेला स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचा नाही, मोरीत धुवायचा, आणि तो ब्रश आत आणायचा नाही.