बॅगेतलं ओझं कुणाचं?

मैत्रिणींनो, परदेशी जायचं ठरलं की खाण्याच्या पिशवीबद्दल आपल्याला कुणी काही शिकवावं लागत नाही. चिवडा कशात भरायचा, मेतकूट किती घ्यायचं, लोणच्याच्या बरणीचं झाकण कसं बांधायचं, हे आपण झोपेतही सांगू. अडतं ते कपड्यांपाशी. त्यातून प्रवास भर उन्हाळ्यातला असला आणि जायचं असलं इटलीसारख्या देशात, जिथल्या बायकांच्या नेटकेपणाची कीर्ती आपण ऐकून असतो, तर मग विचारूच नका! उकडणार नाही आणि चार लोकांत बरंही दिसेल, असं न्यायचं तरी काय?

गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं दहा दिवस रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिसला जाऊन आलो. ह्यांच्या निवृत्तीनंतरची ही पहिलीच मोठी सहल. तिकिटं हातात पडली आणि मला सल्ले सुरू झाले. लेक फोनवर म्हणाली, "आई, साड्या अजिबात नको हं. तिकडे सगळे बघत राहतात." सासूबाई म्हणाल्या, "अगं, या वयात पँट घालून फोटो काढणार? नातेवाइकांना दाखवायचेत ना ते?" शेजारच्या वहिनींनी मोठ्या फुलांचे तीन पॉलिस्टरचे टॉप आणून दिले, फोटोत उठून दिसतात म्हणून. आणि हे? ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून एवढंच सांगितलं, "आपापली बॅग आपापल्यालाच उचलायची आहे, बरं का."

खरं सांगते, या सगळ्यांत उपयोगाचं वाक्य ह्यांचंच होतं.

मी कपाटातले सगळे 'जाण्यायोग्य' कपडे पलंगावर मांडले. एकवीस नग भरले. मग एकेक उचलून त्याला विचारलं, 'तू कुणासाठी?' भरजरी साडी कुणासाठी, तर बरोबरची कुणी भेटली आणि तिने पाहिलं तर, म्हणून. ती घट्ट जीन्स लेकीसाठी. टॉप वहिनींसाठी. उन्हासाठी आणि माझ्यासाठी म्हणावेत असे कपडे निघाले जेमतेम आठ. बाकीचे सगळे भीतीचे! गावंढळ दिसू, ही एक भीती. 'फार शहाणी झाली' म्हणतील, ही दुसरी. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तरी कपाट उघडलं की या दोघी माझ्या खांद्यावरून आत डोकावतात. तुमच्याही डोकावत असतील.

तुम्ही म्हणाल, आपल्याला उन्हाचं काय कौतुक? नागपूर-जळगावचा मे महिना पाहिलेल्या आपण! पण फरक असा, की आपल्याकडे दुपारी बारा ते चार आपण पडदे ओढून घरात असतो. तिकडे तीच वेळ रांगेत नाहीतर दगडी चौकात जाते. जूनमध्ये रोमला सूर्य मावळतो रात्री पावणेनऊच्या सुमाराला. पारा तिशीच्या पुढे जाणं नेहमीचंच, आणि 2023 च्या जुलैत तर तो चाळिशी ओलांडून गेला होता. तेव्हा दिवसभर अंगावर राहणारा कपडा आधी उन्हाचा हवा, मग फोटोचा.

सुती कापड घाम टिपून घेतं आणि तो वाळताना अंगाला गारवा वाटतो. पॉलिस्टर टिपत नाही, शिवाय घामाचा वास धरून ठेवतं. म्हणून वहिनींचे टॉप मी गोड बोलून परत केले. लिनन सुतीहून लवकर वाळतं, चुरगळतं मात्र फार. पण चुरगळलेलं लिनन तिकडे कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. जीन्स सुती असली तरी नकोच; एकदा धुतली की वाळता वाळत नाही.

रंगाबद्दल एक गंमत सांगते. 1980 साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात वाळवंटातल्या बेदुइन लोकांच्या काळ्या झग्यांवर एक निबंध आला होता. काळं कापड पांढऱ्यापेक्षा जास्त तापतंच, पण झगा सैल असल्याने आतून वारा खेळतो आणि ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोचतच नाही, असं त्यात आढळलं होतं. म्हणजे आधी पाहायचा तो सैलपणा, रंग त्यानंतर. मी एक गडद निळी आणि एक बदामी अशा दोन सैल सुती पँट शिवून घेतल्या. वरून घालायला चार गोष्टी: मलमलीचे दोन कुडते, ह्यांचा एक जुना लिननचा शर्ट आणि आईच्या विरत चाललेल्या इरकलीचा शिवलेला कुडता. चारही दोन्ही पँटींवर चालतील असे निवडले, म्हणजे सहा नगांत आठ जोड झाले. त्याशिवाय एक सुती साडी, एक मोठी ओढणी, काठाची सुती टोपी आणि रात्रीचे कपडे. काटा ठेवला तेव्हा बॅग भरली साडेनऊ किलो.

त्या इरकलीच्या कुडत्याचं काय सांगू! वर्षानुवर्षं धुऊन कापड इतकं मऊ झालेलं, की उन्हात अंगावर आहे हे जाणवतसुद्धा नव्हतं. फ्लॉरेन्सला एका कापडाच्या दुकानातल्या बाईंनी काठावरून बोट फिरवत 'कुठलं हे?' असं खुणेने विचारलं. परत आल्यावर सासूबाईंनी सगळे फोटो पाहिले. पँटीबद्दल अवाक्षर नाही. एवढंच म्हणाल्या, "अगं, ही तर तुझ्या आईची इरकल ना? मला केव्हापासून आवडायची."

ओढणीला मात्र मी शंभरपैकी शंभर गुण देईन. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले असल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि इटलीतल्या मोठ्या चर्चमध्ये बहुतेक ठिकाणी हाच नियम आहे. रांगेत आमच्या पुढे बिनबाह्यांच्या झग्यातली एक परदेशी मुलगी रडकुंडीला आली होती. माझी ओढणी मी तिला दिली. आतून बाहेर आल्यावर तिने ती नीट घडी करून परत आणून दिली. विमानातल्या गारठ्यात हीच ओढणी शाल झाली. आणि दुपारी ती रस्त्यावरच्या नळाखाली भिजवून मानेभोवती गुंडाळली. रोमला रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे लोखंडी नळ आहेत, 1870 नंतरच्या दशकापासूनचे. तोटी नाकासारखी वाकडी, म्हणून त्यांना 'नाझोनी' म्हणजे 'मोठी नाकं' म्हणतात. पाणी थंडगार आणि फुकट!

चपलांचं मात्र नीट ऐका. रोमचे जुने रस्ते काळ्या दगडी चिऱ्यांचे, खालीवर. कोल्हापुरीचा चामडी तळ त्यावर घसरतो आणि उंच टाच चिऱ्यांत अडकते. दोन महिने आधी घेऊन रोज फिरायला वापरलेले कॅनव्हासचे बूटच बरे. सैल सुती मोजे दोन-तीन जोड असू द्या. उन्हात मांड्या घासून सोलवटतात, हे आपण कुणाला सांगत नाही. त्यासाठी आतून गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी घाला. कुडत्याला आतून चेनचा खिसा शिवून घ्या, पासपोर्ट तिथे. गर्दीत खिसेकापू असतातच. रोज रात्री एक कुडता धुवायचा, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पिळायचा आणि हँगरला टांगायचा. मलमल सकाळपर्यंत वाळते.

व्हेनिसला हलक्या बॅगेची किंमत खरी कळली. गावात मोटार येत नाही आणि पूल चारशेच्या वर. पायऱ्यांवर चाकं काय कामाची? बॅग उचलायचीच. भलीमोठी बॅग घेऊन पुलाखाली हताश उभ्या राहिलेल्या किती जणी दिसल्या म्हणून सांगू!

तिथल्या शेवटच्या संध्याकाळी मी साडी नेसले, दोन बोटं वर, खाली तेच बूट. लोकांनी बघितलं का? बघितलं. बाकावरच्या दोन आजीबाईंनी मान डोलावून हसून बघितलं. बघणं आणि हसं होणं यांत फार अंतर असतं, हे मी आता लेकीला सांगितलं आहे.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं खूप चाललो. चालता चालता हे म्हणाले, "इतकी वर्षं मला वाटायचं, तुला चालायला आवडतच नाही." मी काय बोलणार? लग्नकार्यात, देवदर्शनात, सहलीत माझ्या पायांत नेहमी दिसायला चांगल्या चपला आणि अंगावर जपायची साडी. 'तुम्ही पुढे व्हा, मी बसते इथेच' हे वाक्य मी आजवर किती वेळा म्हटलं असेल! देवळाच्या पायरीवर, किल्ल्याच्या पायथ्याशी, समुद्राच्या कडेला मी सगळ्यांच्या पर्सा सांभाळत बसले. चालायला मला फार आवडतं, हे ह्यांना कळायला तेहतीस वर्षं लागली.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा तुमची बॅग भरायची वेळ आली, मग ती रोमची असो की रत्नागिरीची, तर साडीच न्या, नाहीतर पँटच न्या. त्यात मी पडत नाही. मात्र प्रत्येक कपडा हातात घेऊन 'कुणासाठी?' एवढं विचारा. उत्तरात तुमचं नाव आलं नाही, तर तो कपडा कपाटातच राहू द्या. बॅगेत जागा उरली तर उरू द्या. आणि या खेपेला पर्सा दुसऱ्या कुणाला सांभाळू द्या.