अंगठ्याची लय आणि उताणा तळहात

रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याने रोज अर्धा तास स्वतःसाठी राखून ठेवावा, असे आम्ही डॉक्टर मंडळी सहज सांगून जातो. तो अर्धा तास कशात घालवावा, हे मात्र क्वचितच सांगतो. मी तो बास गिटारवर घालवतो. मेहरूणमध्ये दवाखाना चालवणाऱ्या ५६ वर्षांच्या माणसाने हे जाड तारांचे वाद्य हाती घ्यावे, याचे शेजाऱ्यांना अजूनही कौतुकमिश्रित हसू येते.

या वाद्यावर ‘स्लॅप’ नावाची एक वादनशैली आहे. तिच्यात तार केवळ छेडायची नसते. अंगठ्याच्या कडेने तिच्यावर आघात करून अंगठा तत्क्षणी उचलायचा आणि तर्जनीने दुसरी तार खालून ओढून सोडायची. अमेरिकेतील लॅरी ग्रॅहम १९६०च्या दशकात आपल्या आईसोबत कार्यक्रम करीत. साथीला ढोलवादक नव्हता. म्हणून त्यांनी अंगठ्याने मोठ्या ढोलाचा ठोका आणि बोटाने छोट्या ढोलाचा खटका वाजवायला आरंभ केला. या शैलीच्या मुळाशी अशी एक उणीव आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

माझा आदर्श मात्र आपल्या मुंबईचा आहे. १९९६ साली जन्मलेल्या मोहिनी डे यांनी बासवादक वडील सुजॉय डे यांच्याकडून बालवयातच धडे घेतले आणि पुढे ए. आर. रहमान यांच्यासारख्या संगीतकारांना साथ केली. दाक्षिणात्य कोन्नकोलचे बोल त्या मुखाने म्हणतात आणि तेच बोल तारांवर उमटवतात. त्यांचा वेग मला या जन्मी साधणार नाही. परंतु आधी मुखी बोल, मग हाती, ही रीत मी उचलली. मिनिटाला ६० ठोक्यांवर लयमापक लावायचा, ‘तकदिमि’ म्हणायचे आणि मगच अंगठा हलवायचा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या ८४ वर्षांच्या वडिलांना पक्षाघात झाला. डावा हात दुर्बल झाला. पहिले काही महिने त्यांनी निष्ठेने व्यायाम केला. नंतर ते भिंतीकडे तोंड करून पडू लागले. “आता काय उपयोग?” एवढेच ते म्हणत. डॉक्टर म्हणून मला उत्तर ठाऊक होते. मुलगा म्हणून ते त्यांच्यापर्यंत पोहोचवता येत नव्हते.

वादनाचा सराव मी त्यांच्याच खोलीत करीत असे. अंगठ्याचा आघात खांद्यातून किंवा मनगट मोडून करायचा नसतो. कुलपात किल्ली फिरवावी तसा कोपरापासूनचा हात फिरवायचा असतो. फिजिओथेरपिस्टने वडिलांना सांगितलेला व्यायाम जवळपास हाच होता: तळहात पालथा, तळहात उताणा. एकच चाल मी शंभरदा चुकतो आणि पुन्हा करतो, हे ते रोज पाहत होते. एका रात्री त्यांनी विचारले, “अजून जमत नाही का रे?” मी म्हणालो, “नाही, आप्पा. सहा महिने झाले.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग उजव्या हाताने त्यांनी डाव्या हाताला आधार दिला आणि माझ्या ठोक्यावर तो फिरवू लागले.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. वार्धक्यात प्रथम उच्च स्वर ऐकू येईनासे होतात. मंद्र स्वर त्या मानाने टिकून राहतात. बोटाचा तीक्ष्ण खटका आप्पांच्या कानांतून निसटे, पण अंगठ्याचा ठोका त्यांना नीट कळे. म्हणूनच वृद्धांशी बोलताना ओरडू नये. समोर बसून, खालच्या पट्टीत, सावकाश बोलावे. कानात मळ साचला आहे का, हे आधी पाहून घ्यावे आणि मग श्रवणचाचणी करावी.

आपणही काही नवे शिकत असाल, तर थोडी दक्षता घ्यावी. वाद्य असो वा विणकाम, दहा मिनिटांनंतर हात सैल सोडावा. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटाच्या कडेला दुखू लागल्यास थांबावे. दुखणे किंवा मुंग्या टिकून राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे. पक्षाघात झालेला हात धरून रुग्णाला कधीही ओढू नये; त्याने खांद्याला इजा होते. व्यायाम फिजिओथेरपिस्टने सांगितला असेल तेवढाच आणि तसाच करावा. लय केवळ त्याच्या सोबतीला.

संगीताने आप्पा बरे झाले, असे मी म्हणणार नाही. डाव्या हाताने त्यांना अजून सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. पण गेल्या हिवाळ्यात मेहरूणची बोरे घरी आली, तेव्हा त्यांनी डावा हात पुढे केला आणि तळहात आपणहून उताणा केला. मी त्यावर एक बोर ठेवले. ते पडले नाही. उजव्या हाताने उचलून त्यांनी ते तोंडात टाकले आणि म्हणाले, “आंबट आहे. दुसरं दे.”