उत्तरकालीन आवाज : एका ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने

आशा भोसले यांच्या गायनाचा आढावा घेणारे लेखन सामान्यतः १९९५ च्या 'रंगीला'पाशी, फार तर १९९७ च्या 'जानम समझा करो'पाशी येऊन थांबते. साठी ओलांडलेल्या गायिकेने नव्या पिढीला ठेका धरायला लावला, या आश्चर्योद्गारात त्याची समाप्ती होते. त्यानंतरही ही गायिका गात होती आणि स्वतःच्या गाण्याची पुनर्मांडणी करीत होती, याची दखल घेण्याची निकड आपल्या समीक्षेला फारशी वाटलेली दिसत नाही. मला ज्या ध्वनिमुद्रिकेविषयी लिहावयाचे आहे ती २००५ ची आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनोस क्वार्टेट या तंतुवादकांच्या चौकडीबरोबर आशाबाईंनी राहुलदेव बर्मन यांची गाणी पुन्हा गायली आणि नॉनसच या अमेरिकन कंपनीने ती 'यूव्ह स्टोलन माय हार्ट' या नावाने प्रसिद्ध केली. साथीला तबल्यावर झाकिर हुसेन आणि पिपा या चिनी तंतुवाद्यावर वू मान. रचना एकूण बारा; त्यांत 'दम मारो दम' आणि 'पिया तू' ही १९७१ ची, 'चुरा लिया' हे १९७३ चे, 'मेरा कुछ सामान' हे १९८७ चे, शिवाय बंगाली गाणीही. गायिकेचे वय तेव्हा सत्तरीपलीकडे गेलेले.

तिचे स्वागत संमिश्र झाले. ग्रॅमी पुरस्कारांच्या समकालीन जागतिक संगीताच्या विभागात तिला नामांकन मिळाले, आणि 'ग्रॅमीसाठी नामांकन' या दोन शब्दांपलीकडे आपल्याकडे तिची फारशी चर्चा झाली नाही. माझ्या परिचयातील जाणकारांची प्रतिक्रिया ठरलेली असते : मूळ गाणी उपलब्ध असताना ही कशाला? हा प्रश्न त्याही आधीचा आहे. १९९६ मध्ये 'राहुल अँड आय'मध्ये आशाबाईंनी बर्मन यांचीच गाणी नव्या ठेक्यांवर गायली, तेव्हा जुन्या गाण्यांशी खेळ केल्याचा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला आणि आक्षेप घेणाऱ्यांत खय्याम यांच्यासारखे ज्येष्ठ संगीतकारही होते. गंमत अशी की, १९८१ च्या 'उमराव जान'साठी त्यांना नेहमीच्या पट्टीहून खाली उतरवून त्यांच्या आवाजातील एक अनोळखी खोली लोकांपुढे आणली ती खय्याम यांनीच.

आपण मराठीचे अभ्यासक 'मूळ' या शब्दापुढे एरवी बरेच सावध असतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, याचाच अर्थ तोवर तिच्यात पाठभेद शिरलेले होते. तुकारामांच्या गाथेच्या प्रती समोर ठेवल्या की 'मूळ' हा शब्द उच्चारताना जीभ अडखळते. बंदिशीच्या बाबतीत तर 'मूळ' गायन कोणते, असा प्रश्नच कोणी विचारीत नाही. मग चित्रपटगीतापाशी येताच आपण इतके कर्मठ का होतो? ध्वनिमुद्रण या तंत्राने त्या साडेतीन-चार मिनिटांना एक गोठलेली संहिता दिली, हे एक कारण. दुसरे कारण अधिक खासगी आहे. ते गाणे आपण ज्या वयात प्रथम ऐकले ते वय त्या संहितेत जाऊन बसलेले असते, आणि गायिकेने एक जागा बदलली तरी आपल्या घरातली वस्तू कोणी हलवल्यासारखे वाटते.

'चुरा लिया'ची दोन्ही रूपे मी एकदा एम. ए. च्या वर्गात लागोपाठ ऐकवली. एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, दुसरं चांगलं आहे, पण बाई म्हातारी वाटते." वर्ग हसला. मला ते वाक्य अजून पुरते नाही. त्यात आक्षेप नेमका कशावर आहे? स्वर ढळला, ताल सुटला, शब्द पुसट झाले, असे तो म्हणत नव्हता. गाणारी व्यक्ती आणि गाण्यातली स्त्री यांच्यात वयाचे जे अंतर त्याला जाणवले, ते त्याला दोष वाटले. आता हे अंतर 'मूळ' गाण्यात नव्हते काय? १९७३ मध्ये आशाबाई चाळिशीला टेकल्या होत्या, तीन मुलांच्या आई होत्या. पडद्यावर गिटार घेऊन झीनत अमान होती. पार्श्वगायनाची सारी व्यवस्थाच अशी की, गायिकेने आपला आवाज एका तरुण चेहऱ्याला उसना द्यावा आणि स्वतः दिसेनासे व्हावे. हेलन, झीनत अमान, 'इजाज़त'मधली अनुराधा पटेल : चेहरे बदलत गेले, त्यांची वये मात्र वाढली नाहीत. २००५ च्या ध्वनिमुद्रिकेत प्रथमच या गाण्यांना चेहरा नाही. चित्रपट नाही, नायिका नाही. आवाज आपल्याच वयाला आहे आणि तो आपल्याच वयाचा म्हणून ऐकावा लागतो. संमिश्र स्वागताचे मूळ, माझ्या मते, या अडचणीत आहे.

येथे उत्तरकालीन शैलीची चर्चा आठवणे स्वाभाविक आहे. अडोर्नोने १९३७ मध्ये बेटहोव्हेनच्या शेवटच्या रचनांविषयी लिहिले. एडवर्ड सैद यांचे त्या विषयावरील पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर २००६ मध्ये आले. उत्तरकालीन कृती परिपक्व आणि शांत असतेच असे नाही. ती पुष्कळदा हट्टी, तुटक, न जुळणारी असते, हे त्यांचे प्रतिपादन परिचित आहे. पण दोघांचेही लक्ष प्रामुख्याने रचनाकारांवर आहे. बहिऱ्या बेटहोव्हेनची चौकडी वाजवणारे हात दुसऱ्यांचे असतात. गायिकेची रचना तिच्या फुप्फुसांतूनच यावी लागते. बार्थने १९७२ मध्ये आवाजाच्या पोताविषयी जे लिहिले ते इथे अधिक उपयोगी पडावे, कारण तो पोत म्हणजे गाणाऱ्या देहाची खूणच.

मराठी वाङ्मयात उत्तरकालीन कृतीचे आपल्याला वावडे नाही. अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' आणि विंदांची 'अष्टदर्शने' ही दोन्ही २००३ ची. दोन्हींकडे आपण आदराने पाहिले. शास्त्रीय संगीतातही तेच. मल्लिकार्जुन मन्सूर वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, १९९२ मध्ये गेले. त्यांच्या अखेरच्या वर्षांतील गाण्याविषयी बोलताना थकलेला श्वास हा कोणी उणेपणा मानला नाही, उलट त्यात सिद्धी ऐकली. वामनराव देशपांड्यांच्या 'घरंदाज गायकी'पासून आपल्याकडे अशा ऐकण्याची एक परिभाषा तयार आहे. अशोक रानडे ज्याला जनसंगीत म्हणत, त्याच्यासाठी मात्र आपल्याजवळ दोनच शब्द उरतात : टवटवीत आणि थकलेला. तोच श्वास कलासंगीतात पक्वता ठरतो आणि जनसंगीतात झीज. गाणारी स्त्री असेल तर झीज अधिक लवकर ऐकू येते, असा माझा अनुभव आहे.

म्हातारा आवाज दोष न मानणारी दुसरी एक परंपरा माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी उलव्यात राहते. येथील टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरात विमाने उडू लागली. उलवे नावाचे जे मूळ गाव होते ते त्यासाठी उठले. आमच्या वसाहतीने नाव तेवढे ठेवले. पण वहाळ, मोरावे, गव्हाण या आसपासच्या गावांत आगरी लग्नांत अजून धवलारीण येते. माझ्या प्रबंधाचा विषय स्त्रियांची पारंपरिक गीते हा असल्याने अशा काही लग्नांना मी आवर्जून गेले आहे. अंगणात मोठ्या ध्वनिक्षेपकांवर आगरी-कोळी गाणी चालू असतात, आणि आत हळदीपाशी एक वृद्धा धवले म्हणत असते. तिचा आवाज कधी चिरका, कधी घोगरा. मध्येच खोकला येतो, ती थांबते, पुन्हा धरते. तरुण मुलीला ते शब्द पाठ असले तरी तिला कोणी पुढे बसवत नाही. धवलारणीने पुष्कळ लग्ने लावलेली असावी लागतात आणि ती लागल्याचे तिच्या आवाजात ऐकू यावे लागते. तिथे आवाजाचे वय हीच त्याची पात्रता. महदंबेचे धवळे आपण आद्य मराठी कवयित्रीची रचना म्हणून शिकवतो; तो प्रकार विमानतळाच्या कुंपणालगत अजून गायला जातो, हे वर्गात सांगितले की विद्यार्थी थोडे अविश्वासाने पाहतात. धवलारीण आणि आशाबाई यांची तुलना मला करावयाची नाही. एक विधी लावते, दुसरी बाजारासाठी गाते. पण ऐकणाऱ्याचे कान कोणत्या अपेक्षेने लावलेले आहेत यावर आवाजाचे मूल्य ठरते, हे तिथे सहज लक्षात येते.

आणखी एक ध्वनिमुद्रिका येथे ओझरती नोंदवते, कारण ती तर पूर्णच विस्मरणात गेली. 'आप की आशा' या आठ गीतांच्या संग्रहाला चाली खुद्द आशाबाईंनी लावल्या. शब्द मजरूह सुलतानपुरी यांचे. मजरूह २००० मध्ये गेले. संग्रह त्यानंतर प्रसिद्ध झाला. तिचेही स्वागत संमिश्रच होते. चाली मलाही असमान वाटतात. तरी एक गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. लताबाईंनी 'मोहित्यांची मंजुळा'पासून 'तांबडी माती'पर्यंत चार मराठी चित्रपटांना संगीत दिले ते 'आनंदघन' या नावाआड राहून. धाकट्या बहिणीने संगीतकार होताना स्वतःचे नाव शीर्षकातच घातले. या फरकावर एखादा छोटा प्रबंध व्हावा.

क्रोनोसबरोबरची ध्वनिमुद्रिका सर्वत्र सारख्या उंचीची आहे, असे मी म्हणणार नाही. 'दम मारो दम' फसले आहे. त्या गाण्याचा कैफ समूहाचा होता, आणि इतक्या काळजीपूर्वक मांडलेल्या तंतुवाद्यांत तो मावत नाही. 'पिया तू'मध्ये धाप लागल्याचा अभिनय १९७१ मध्ये अभिनय होता. आता कुठे अभिनय संपतो हे सांगता येत नाही, आणि म्हणूनच ते गाणे मला अधिक धीट वाटते. शीर्षकपृष्ठावर ही 'आर. डी. बर्मनच्या बॉलीवूडमधली गाणी' आहेत. म्हणजे कर्तृत्व संगीतकाराकडे, प्रांत चित्रपटसृष्टीकडे. गायिकेसाठी उरते ती केवळ पुन्हा गाण्याची जागा. ती जागा तिने काय केली, हे 'मेरा कुछ सामान'मध्ये ऐकावे.

गुलजारांचे हे शब्द छंदात नाहीत. ते हाती येताच बर्मन यांनी उद्या वर्तमानपत्रालाही चाल लावायला सांगाल, असे म्हटल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. या गाण्यासाठी १९८७ चा राष्ट्रीय पुरस्कार आशाबाईंना मिळाला. बर्मन आणि त्यांचा विवाह १९८० चा, बर्मन यांचा मृत्यू ४ जानेवारी १९९४ चा. त्यामुळे २००५ मध्ये हे गाणे ऐकताना चरित्रात्मक वाचनाचा मोह अनावर होतो, आणि गाण्यातील 'मी' व गायिका एकच मानल्याबद्दल आपण बी. ए. च्या उत्तरपत्रिकांत गुण कापत असतो. मोह टाळूनही जे ऐकू येते तेवढेच लिहिते. पूर्वीच्या गाण्यात ओळ जिथे संपे तिथे स्वर थोडा रेंगाळे, कोणीतरी उत्तर देईल असा. आता ती ओळीच्या शेवटी स्वर सोडून देते, श्वास घेते, तो श्वास झाकत नाही, आणि पुढच्या वस्तूचे नाव घेते.