चला, माळढोकच्या गावाला!

मित्रांनो, 'वाळवंट' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? वाळूच्या टेकड्या आणि उंटांची रांग, हो ना? पण राजस्थानात जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेलं राष्ट्रीय मरुउद्यान पाहायला जाल, तर चकितच व्हाल. इथं वाळूच्या टेकड्या आहेत त्या साधारण एक पंचमांश भागातच! बाकी सगळे खडकाळ माळ, खारट जमीन आणि गवताची कुरणं. १९८० साली संरक्षण मिळालेलं हे रान ३,१६२ चौरस किलोमीटर आहे. आपल्या बृहन्मुंबईसारखी पाच शहरं त्यात आरामात मावतील.

आता एवढ्या मोठ्या रानात जायचं, तर आधी नीट बेत आखायला हवा. कागद-पेन्सिल घ्या आणि आई-बाबांनाही बोलवा.

कधी जायचं?

मे महिन्याची सुट्टी मोठी असली, तरी त्या सुट्टीत इथं जायचं नाव काढू नका. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्याही वर चढतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. म्हणजे दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी गाठायची. दिवसा छान ऊन असतं, पण रात्री पारा एक आकडी होतो, बरं का! वाळू जितक्या लवकर तापते, तितक्याच लवकर निवते. म्हणून सामानात टोपीही हवी आणि स्वेटरही.

कसं जायचं?

आगगाडीनं जोधपूर गाठायचं, तिथून पुढे जैसलमेर. उद्यानात शिरण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. ती जैसलमेरमध्येच आधी घेऊन ठेवावी. पाकिस्तानची सीमा जवळ असल्यानं मोठ्यांनी ओळखपत्रं जवळ बाळगावीत. सीमेलगतच्या काही भागांत जायला वेगळी परवानगी लागते. आणखी एक, स्थानिक वाटाड्या जरूर घ्या. तुम्हाला जिथं नुसतं गवत दिसतं, तिथं त्याला चिंकारा हरीण दिसतं!

काय बघायचं?

तीन दिवस काढता आले तर मजा येईल. पहिला दिवस जैसलमेरचा सोनेरी किल्ला आणि आकल. शहरापासून १७ किलोमीटरवर, बाडमेरच्या रस्त्यावर आकलचं जीवाश्म उद्यान आहे. तिथं चक्क दगड झालेली झाडं पडलेली आहेत, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची! आज जिथं वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही, तिथं एके काळी दमट हवेत उंच झाडांचं जंगल होतं. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हे आठवा म्हणजे फरक कळेल.

दुसरा दिवस सम गावच्या वाळूच्या टेकड्यांसाठी. इथं पहाटेच जा. रात्रभर कोण कोण फिरून गेलं, ते वाळूवर लिहिलेलं असतं. भुंगेऱ्याची बारीक टाचणीसारखी नक्षी, वाळवंटी खोकडाची पावलं, सरड्याच्या शेपटीची रेघ. वहीत त्यांची चित्रं काढा. उन्हं चढली आणि वारा सुटला, की ही पाटी कोरी होते. कोकणातल्या मुलांना ठाऊक असलेलं फुरसं इथंही असतं, तेव्हा पायात बूट आणि अंधारात हातात बॅटरी हवीच.

झाडांकडेही लक्ष द्या. इथली लोकं ज्याला 'खेजडी' म्हणतात, ते झाड कोणतं माहीत आहे? आपली शमी! पांडवांनी जिच्यात शस्त्रं लपवली, ती. तिच्या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी. जेवणात केर-सांगरीची भाजी मिळाली तर नाही म्हणू नका. इथल्या गावांनी देवाच्या नावानं राखलेली राने आहेत, त्यांना 'ओरण' म्हणतात. आपल्याकडच्या देवराया तशाच की!

तिसरा दिवस सुदासरीच्या गवताळ भागासाठी, कारण तो आहे माळढोकचा मुलूख.

माळढोक दिसेल का?

राजस्थानात माळढोकला 'गोडावण' म्हणतात. तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. उंची जवळजवळ एक मीटर आणि नराचं वजन पंधरा किलोपर्यंत! उडणाऱ्या पक्ष्यांतला हा एक भलामोठा पक्षी. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजचं नाव याच पक्ष्यामुळे सगळीकडे झालं. पण आता महाराष्ट्राच्या माळांवर तो दिसणं फारच दुर्मीळ झालं आहे. २०१८च्या अंदाजाप्रमाणे साऱ्या देशात जेमतेम दीडशे माळढोक उरले होते, आणि त्यांतले बहुतेक जैसलमेर भागात.

असं का झालं? पूर्वी त्याची शिकार झाली, मग गवताळ माळ कमी झाले. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्र्यांच्या तोंडी पडायला कितीसा वेळ? त्यात नवं संकट आलं विजेच्या तारांचं. माळढोकची नजर बाजूला चांगली, पण अगदी समोरचं त्याला नीट दिसत नाही. वजनदार शरीर असल्यानं तार जवळ आल्यावर त्याला झटकन वळताही येत नाही.

या तारा बऱ्याचदा सौरऊर्जेच्या आणि पवनऊर्जेच्या प्रकल्पांच्या असतात. म्हणजे धूर न करणारी वीज आणि एक दुर्मीळ पक्षी, दोन्ही आपल्याला हवेत! २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ साली त्यात बदल करून मार्ग काढण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. तुम्ही न्यायाधीश असता, तर काय केलं असतं? घरी जरूर चर्चा करा.

आशेची बातमीही आहे. सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत माळढोकची अंडी उबवून पिल्लं वाढवली जातात. ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम रेतनाच्या पद्धतीनं तिथं पहिलं पिल्लू जन्मलं.

म्हणूनच सुदासरीला जाताना एक गोष्ट घरूनच ठरवून निघा. माळढोक दिसला तर आनंद, पण तो दिसावा म्हणून गाडी रस्ता सोडून गवतात घालायची नाही. ड्रायव्हरकाका 'चला, जवळ नेतो' म्हणाले, तरी 'नको' म्हणायचं. फोटो चुकला तर चुकू दे. गवतात कुठे अंडं असेल, तर ते चुकून चिरडलं जायला नको.

दुर्बीण, भरपूर पाणी, टोपी, स्वेटर, बूट, बॅटरी, वही-पेन्सिल. झाली यादी? पाण्याच्या रिकाम्या बाटल्या परत आणायला एक पिशवीही घ्या. दूरच्या गवतातून एक लांब पांढुरकी मान हळूच वर आली, तर श्वास रोखून बघा. आणि नाहीच दिसली, तरी तो कुठेतरी निवांत चरतो आहे, एवढं कळलं तरी तुमची सहल फुकट गेली नाही!