संदर्भग्रंथ घरी मिळणार नाही

आम्ही सख्खी-चुलत भावंडं साधारण 1970 ते 1985 या काळात एकामागोमाग कॉलेजात गेलो. त्यामुळे घरात कोणाचं ना कोणाचं लायब्ररी कार्ड चालू असायचंच. कार्ड एकाचं, पुस्तकावर हक्क सगळ्यांचा. ताईने फर्ग्युसनच्या वाडिया लायब्ररीतून पुस्तक आणलं की त्याला वर्तमानपत्राचं कव्हर चढायचं. काका आधी मागची तारखेची चिठ्ठी वाचायचे, मग पुस्तक. दंड त्यांच्याच खिशातून जायचा ना!

ताई पीएच.डी.ला लागली आणि सगळं घरच संशोधनाला लागलं. विषय होता सुरुवातीच्या मराठी कादंबऱ्या. ती विद्यापीठाच्या ‘जयकर’ ग्रंथालयात जायला निघाली की पिशवीत डबा, पेन आणि लग्नपत्रिका. टिपणांसाठी कोरी कार्डं विकत कोण घेणार? आई लग्नसराईतल्या पत्रिका जपून ठेवायची, आम्ही त्या एका मापात कापायचो. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ची नोंद, साल 1857, विधवांच्या हालांची कहाणी, आणि त्याच कार्डाच्या पाठीवर कुणा चि. सौ. कां.चं अर्धं नाव. ताईला यात कधी काही वावगं वाटलं नाही.

कधी मदतीला म्हणून मी बरोबर जायचो. लाकडी खणांत कार्डं दाटीवाटीने बसलेली, खालच्या भोकातून सळई ओवलेली, म्हणजे कोणी उपटून नेऊ नये. आडनाव आधी, मग नाव. क्रमांक उतरवायचा, चिठ्ठी द्यायची आणि शिपाई आतून येईपर्यंत बसायचं. ग्रंथालयांच्या ड्युई वर्गीकरणातला मराठी साहित्याचा आकडा 891.46 आमच्या घरात फोन नंबरासारखा पाठ होता. कार्डांत काही सापडलं नाही की दाते सूची. शंकर गणेश दात्यांनी 1800 ते 1937 मधली मराठी पुस्तकं नोंदवून ठेवलेली, पण ती सूची संदर्भ विभागातली. तिथेच बसून उतरवायची.

हाताने उतरवण्यात काही संस्कार होता वगैरे मला पटत नाही. ताईचं मनगट सुजायचं आणि उतरवलेल्यातलं निम्मं कामाला यायचं नाही. झेरॉक्स आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला. आज भाचा घरबसल्या ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावरून अख्खे प्रबंध उतरवून घेतो. ताई त्याच्या मागे उभी राहून वाचते आणि म्हणते, ‘‘यातलं दुसरं प्रकरण मला तेव्हा मिळायला हवं होतं.’’

प्रबंध टाइप होऊन आला. मूळ प्रत विद्यापीठाला, कार्बनची सगळ्यात पुसट प्रत घरी. काकांनी आधी ऋणनिर्देश उघडला. मार्गदर्शक होते, ग्रंथपाल होते, चिठ्ठ्या नेणारा शिपाईही होता. घरच्यांचं एका ओळीत, ‘कुटुंबीय’ म्हणून. पुढे कितीतरी दिवस ताट वाढलं की काका विचारायचे, ‘‘कुटुंबीयांना आमटी मिळेल का?’’